पडद्याअलीकडची प्रजा

एकाच विमानातले सगळे प्रवासी एकाच वेळी मुक्कामी पोचतात, हे एअर इंडियाच्या महाराजाला कधी पटलेलं दिसत नाही. म्हणून तर दर्जे: फर्स्ट, बिझनेस, प्रीमियम इकॉनॉमी आणि उरलेले आपण. लांबच्या उड्डाणांत पुढच्या दोघांत खुर्चीचा पलंग होतो. प्रीमियम इकॉनॉमीत पायांना चार बोटं जागा जास्त आणि मागच्यांकडे बघायची नजर वेगळी. इकॉनॉमीत मात्र पुढच्याने पाठ टेकली की त्याचं टक्कल थेट आपल्या ट्रेवर. मध्ये एक पडदा. विमान वर गेलं की तो अशा लगबगीने ओढला जातो, जणू पलीकडे सोवळ्यातला स्वयंपाक चाललाय. वास मात्र पडद्याला जुमानत नाही.

१९५३ साली टाटांच्या एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं, समाजवादाचा गजर झाला. पण बोधचिन्ह राहिलं ते फेटेवाल्या महाराजाचंच. २०१७ मध्ये काटकसर म्हणून देशांतर्गत इकॉनॉमीतलं सामिष जेवण बंद झालं. पडद्यापलीकडची कोंबडी शिजतच राहिली. पुढे तोटा आणखी वाढला, तेव्हा तो आपल्या ताटातल्या तुकड्यामुळे होत नव्हता, एवढं तरी सिद्ध झालं.

२०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे गेली आणि तिची नरिमन पॉइंटची इमारत नंतर महाराष्ट्र सरकारने विकत घेतली. तिथे सरकारी कार्यालयं थाटली की पाचवा दर्जाही सुरू होईल: ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बाहेर बसा.’ तिकीट लागणार नाही, उड्डाणाची वेळ मात्र विचारू नये.