एवढं तर येतंच ना!

गणपतीला दोन महिने असताना उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मामांनी जाहीर केलं, की मंडळाच्या आरत्यांची वही आता बंद. दहा दिवस, रोज दोन आरत्या, म्हणजे वीस यजमान. पण शनिवार संध्याकाळच्या आरतीवर दरवर्षी तिघांचा दावा असतो. वहीत त्या जागी इतकी खाडाखोड व्हायची, की शेवटी कागदाला भोक पडायचं. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला हलली, तरी मामांचं घराणं जागचं हललं नव्हतं. वहीही तितक्याच निष्ठेने टिकून होती. तिच्या जागी आता वेबसाइट येणार होती, आणि ती मामा स्वतः करणार होते. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक यादी जमू नये?

भाचा इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी जेवायला आला आणि श्रीखंडाची वाटी पुढ्यात ओढत म्हणाला, ‘‘मामा, जँगोत करा. ते तर एकदम सिंपल आहे.’’

उज्जैनच्या मराठीतला हा ‘तर’ हिंदीतून आलेला आहे. तो लागला की पुढचं काम सोपं होत नाही, फक्त विचारायची सोय उरत नाही.

मामांनी वहीच्या कोऱ्या पानावर ‘डी-जांगो’ असं लिहून घेतलं. यातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार करायचा नसतो, हेही कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत कान्सासमधल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत हे फ्रेमवर्क जन्मलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि करणाऱ्यांनी त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव दिलं. बातमीदारांना उद्या लागणारं पान आज संध्याकाळपर्यंत तयार करून द्यायचं, या घाईतून ते घडलं. वेबसाइटला पुन्हा पुन्हा लागणारी कामं (नोंदी ठेवणं, त्या काढून दाखवणं, कुणाला आत सोडायचं ते बघणं) आधीच करून ठेवलेली असतात, म्हणून तर ते फ्रेमवर्क. लग्नघरी केटरर सांगावा तसं. फक्त केटररशी कुठल्या भाषेत बोलायचं ते माहीत हवं.

भाचा संध्याकाळच्या बसने इंदूरला गेला. मामांनी त्याच्या सूचनेप्रमाणे जँगोची भाषा असलेलं पायथॉन उतरवून घेतलं, आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि पहिली आज्ञा टाइप केली. उत्तर आलं, की ही आज्ञा अंतर्गत म्हणूनही ओळखीची नाही आणि बाह्य म्हणूनही नाही. मामांना एकदम ऑडिटची आठवण झाली. त्यांनी फोन लावला.

‘‘मामा, इन्स्टॉल करताना खाली टिक केली होती ना? पाथवाली?’’

‘‘कसली पाथवाली?’’

‘‘अहो, ती तर करायचीच असते.’’

पायथॉनच्या त्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत अगदी तळाशी एक छोटा चौकोन असतो. तो मुळात रिकामा असतो. त्यात खूण केली नाही, तर पायथॉन संगणकात येऊन बसतं खरं, पण विंडोजला त्याचा पत्ता नसतो. पाहुणा घरात उतरलेला आणि यजमान दारात ‘तुम्ही कोण?’ विचारतोय, तशातली गत. या एका चौकोनापायी मामांचे दोन दिवस गेले. भाच्याने आपल्या उमेदवारीत तिथेच चार दिवस घालवले होते, पण ते तो सोयीस्कर विसरला होता. शिकलेल्या माणसाची पहिली आठवण जाते ती आपण अडखळलो त्या जागेची.

उज्जैनला शिकण्याचा इतिहास जुना. सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले, अशी कथा आहे. रोजची एक. इतका जोरकस दावा आजच्या कोचिंग क्लासच्या फलकावरही सापडणार नाही. जवळच्या अंकपात परिसरात श्रीकृष्ण पाटीवरचे अंक धूत असत, असंही सांगतात. मामांना त्या पाटीचा हेवा वाटला. ती आधी इन्स्टॉल करावी लागत नव्हती.

पण नवख्याला कसं सांभाळून घ्यावं, याचं गावातलं खरं उदाहरण वेधशाळेत आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झाली. तिथल्या सम्राटयंत्राची सावली अचूक वेळ दाखवते, पण ती उज्जैनची. घड्याळातली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. म्हणजे सरासरी २७ मिनिटांचा फरक. त्यात सूर्याच्या चालीप्रमाणे महिन्यागणिक आणखी काही मिनिटांची भर किंवा घट. नवखा माणूस सावली बघतो, मनगट बघतो आणि जयसिंगांना नावं ठेवतो. म्हणून यंत्राला तक्ता लावला आहे: अमुक तारखेला इतकी मिनिटं मिळवा. यंत्र कुणी सोपं केलं नाही. बघणारा कुठे फसेल ते ओळखून तिथे तक्ता लावला, एवढंच.

जँगोच्या जगातही असा तक्ता लावणारे मामांना सापडले. २०१४ मध्ये बर्लिनमध्ये ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोघींनी ‘जँगो गर्ल्स’ नावाने कार्यशाळा सुरू केल्या. त्यांचा धडा जँगोपासून सुरू होत नाही; इंटरनेट चालतं कसं, काळ्या खिडकीत लिहायचं काय, इथून सुरू होतो. कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी नुसतं इन्स्टॉल करण्याचा कार्यक्रम असतो, कारण बरेच जण तिथेच गारद होतात, हे त्यांनी मान्य केलंय.

आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आणखी एक पाऊल पुढे. साधारण दहा मिनिटांचा पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत करून बघायचं. पण मामांना भावली ती त्यांची एक रीत. पाठाची संहिता तज्ज्ञ तपासतोच, शिवाय ध्वनिमुद्रणाआधी ती नवशिक्याकडून तपासून घेतात. तो अडला, तर चूक संहितेची. ‘‘म्हणजे मी चुकत नव्हतो, मी तपासत होतो,’’ असं मामांनी भाच्याला फोन करून सुनावलं.

त्यानंतर मामांचं तंत्र बदललं. ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ म्हणजे काय, हे भाच्याला तीन प्रयत्नांत सांगता आलं नव्हतं. मामींनी ते एका वाक्यात निकालात काढलं: ‘‘सोवळ्याचं स्वयंपाकघर हो! इथलं तिथे लागायला नको.’’ आणि खरोखरच तसं आहे. एका प्रकल्पाची जुनी सामग्री दुसऱ्याच्या नव्या सामग्रीत मिसळू नये, म्हणून हा वेगळा संसार. आणि काळी खिडकी नव्याने उघडली, की सोवळं पुन्हा नेसावं लागतं. जँगोत नोंदींची रचना बदलली की दोन आज्ञा लागतात, एक बदलाचा कागद तयार करणारी आणि दुसरी तो अमलात आणणारी. दोन कशाला, हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. मामांना पडला नाही. आधी व्हाउचर, मग लेजरला पोस्टिंग. छत्तीस वर्षं दुसरं केलं काय?

भाद्रपदाला आठ दिवस असताना पडद्यावर रॉकेट उडालं. जँगो नीट बसलं, की ते स्वागताला एक रॉकेट दाखवतं. मामींनी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या चार रात्रींत यजमानांची यादीही त्याच पानावर आली, शनिवारच्या तिन्ही दावेदारांसकट. मामांनी वरच्या पट्टीतला पत्ता, १२७.०.०.१ आणि पुढे ८०००, जसाच्या तसा उतरवून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

पत्त्यातल्या त्या आकड्यांचा अर्थ ‘हाच संगणक’ असा होतो. ज्याने उघडावं, त्याला आपलंच घर दिसणार. वेबसाइट लोकांपर्यंत न्यायची तर ती दुसरीकडे चढवावी लागते. जँगो गर्ल्सच्या धड्यात त्यावर अख्खं प्रकरण आहे, पण रॉकेटच्या आनंदात मामांनी ती पानं उलटलीच नव्हती. आणि भाच्याला वाटलं होतं, एवढं तर येतंच.

पाच मिनिटांत ग्रुपवर सदतीस अंगठे आले. ‘सुंदर!’, ‘मामा, ग्रेट!’, ‘रंगसंगती फार छान’. शनिवारच्या तिघांपैकी एकाने लिहिलं, ‘माझं नाव पहिलं घातल्याबद्दल आभार.’