तीन सेकंदांचा पिवळा

हायवेवरच्या फाट्याला सिग्नल मिळण्याची रीत ठरलेली आहे. आधी माणसं मरतात, मग रास्ता रोको, मग निवेदन, मग उद्‌घाटन. सरकारी व्याख्याही मोठी सोशीक. राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, नाहीतर दहा माणसं दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’. चार अपघात होऊनही बळी दहाच्या आत राहिले, तर फाट्याने आणखी धीर धरावा.

एवढं करून सिग्नल येतो तो शहरातल्या चौकाचा. पिवळा तीन सेकंद. चारपदरी महामार्गावर ट्रकला ताशी ८० किलोमीटरची मुभा आहे, मोटारीला १०० ची. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे पिवळ्यात ६६. थांबायचं तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरून शंभरेक मीटर लागतात. माल भरलेला असेल तर जास्तच. मग ऐंशी मीटरवर पिवळा दिसला, तर ड्रायव्हरने काय करावं? थांबणं हातात नाही, निघून जाणं कायद्यात नाही. तो ॲक्सिलरेटर दाबतो, आडव्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली निघते, आणि सकाळच्या बातमीत ‘भरधाव’ ट्रक छापून येतो.

हे गणित गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघा संशोधकांनी १९६० साली कागदावर मांडलं होतं. पिवळा पाच सेकंदांचा केला, तर तोच ट्रक ११० मीटर जातो; ऐंशी मीटरवरचा ड्रायव्हर गुन्हेगार न होता पार होतो. पुढे दोन सेकंद चारी बाजूंना लाल. दीडदोनशे मीटर अलीकडे ‘सिग्नल पडतोय’ सांगणारा लुकलुकता फलक. पैसे असतील तर येणारा ट्रक ओळखून हिरवा थोडा लांबवणारा सेन्सर. आडव्या रस्त्यावरही तसाच सेन्सर असला, तर तिकडे चिटपाखरू नसताना पन्नास गाड्या उभ्या करायची हौसही जिरते. आपल्याकडे या हौसेवर इलाज म्हणून रात्री सिग्नल ब्लिंकरवर टाकतात. रस्ता मोकळा आणि वेग सर्वांत जास्त असतो, नेमका तेव्हा.

तिनाचे पाच करायला कंट्रोलरमधला एक आकडा बदलावा लागतो. अडचण एवढीच, की त्याचं टेंडर निघत नाही. रंबलर पट्ट्यांचं निघतं.