संस्कारांचं कासव

पूर्वी मुलांवर संस्कार करायला शुभंकरोति, पाढे आणि वेळप्रसंगी एक धपाटा एवढं पुरायचं. आता त्यासाठी प्राणी लागतो. बालसंगोपनावरचे दोन व्हिडिओ पाहिलेला कुठलाही पालक छातीठोकपणे सांगतो, की घरात प्राणी असला की संयम येतो, जबाबदारी कळते. येतो आणि कळते, याबद्दल वाद नाही. कुणाला, एवढंच त्या व्हिडिओत राहून जातं.

आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून आधीच दोन तट आहेत. म्हणून वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांसाठी, ते तिसरीत असताना, कासव आणायचं ठरलं. कासव भुंकत नाही, लिफ्टमध्ये कुणाला हुंगत नाही आणि संयमाच्या विषयात त्याचा सशाविरुद्धचा अनुभव जगजाहीर आहे. शिवाय घरात कासव असलं की पैसा टिकतो असं वास्तुवाले सांगतात, त्यामुळे आजीही राजी झाल्या. एका खर्चात संस्कार आणि लक्ष्मी!

माशांच्या दुकानात दहा रुपयांच्या नाण्याएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवंगार पिल्लू मिळालं. सोबत प्लास्टिकची बशी, बशीत प्लास्टिकचं माडाचं झाड. "एवढंच राहतं साहेब, काही मेंटेनन्स नाही," असं दुकानदार म्हणाला. पिल्लाचं नाव चिरंजीवांनी 'बोल्ट' ठेवलं.

दुकानदाराने जे सांगितलं नाही ते असं : या कासवाला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात, ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. मादी जवळजवळ फूटभर होते. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं. ऊन किंवा खास दिवा मिळाला नाही तर कवच मऊ पडतं. अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे. लहान मुलं आजारी पडायला लागली तेव्हा खुद्द अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी केली. आपल्याकडे ती खेळण्याच्या भावात मिळतात.

पहिल्या आठवड्यात फ्रिजवर तक्ता लागला. खाणं, पाणी, ऊन. प्रत्येकासमोर सोनेरी तारा. दुसऱ्या आठवड्यात घटक चाचणी आली आणि तारे तिथेच थांबले. पाणी बदलायचं काम आईकडे आलं. आईने ते कामवाल्या मावशींकडे सरकवलं. मावशींनी पदर खोचून स्पष्ट सांगितलं, "भांडी-फरशीचं ठरलंय ताई. कासवाचं वेगळं पडंल." मग ते काम घरात ज्यांचं काहीच वेगळं पडत नाही त्यांच्याकडे, म्हणजे आजोबांकडे, गेलं.

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी हे खातंही चोख ठेवलं. सकाळी आठला बोल्टला टोपलीत घालून बाल्कनीत आणायचं, शेजारी पेपर घेऊन बसायचं आणि प्रत्येक पानानंतर कठड्यावरच्या कावळ्याकडे रोखून बघायचं. कवचावरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढायचं. टबातलं पाणी नळीने तोंडाने ओढून बादलीत सोडायचं; ही विद्या त्यांच्याकडे स्कूटरच्या पेट्रोलच्या काळापासून होती, चव मात्र नवीन होती.

चिरंजीवांच्या संयमाचा वृत्तान्तही द्यायला हवा. एकदा कासवाचं खाद्य संपलं. त्यांनी मोबाइलवर मागवलं. डिलिव्हरीवाला बाराव्या मिनिटाला आला, तेव्हा त्याला दोन मिनिटांच्या उशिराबद्दल कमी स्टार मिळाले. त्याच संध्याकाळी बाबांच्या स्टेटसवर फोटो झळकला : चिरंजीव, तळहातावर बोल्ट, खाली 'जबाबदारीचे पहिले धडे'. कासवाला खालून धरलेला आजोबांचा हात कापला होता, तरी अंगठीचं बोट राहिलंच होतं.

बोल्ट आता ताटाएवढी आहे. ती मादी आहे हे मधल्या काळात कळलं. बशीतून ती घमेल्यात आणि घमेल्यातून चिरंजीवांच्याच जुन्या बाथटबात आली. पालकाची जुडी खाते आणि महिन्यातून एकदा तरी सगळ्या घराला खिडक्या उघडायला लावते. चिरंजीव दहावीत आहेत. दहावीला प्राणी, भावंडं आणि पाहुणे वर्ज्य असतात. पुढे बारावी, मग प्रवेश परीक्षा, मग एमएससाठी अमेरिका. म्हणजे मुलगा मिसिसिपीच्या दिशेने जाणार आणि मिसिसिपीची मुलगी इथे पुण्यात म्हाताऱ्यांना सांभाळायला राहणार. दोन देशांमधला इतका समतोल व्यवहार कुठल्याच सरकारला जमलेला नाही.

मध्यंतरी बाबांना पुण्य सुचलं. रविवारी पाषाण तलावावर जाऊन बोल्टला 'निसर्गाच्या स्वाधीन' करायचं. निसर्गाला विचारलं असतं तर तो पायाच पडला असता. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत हिचं नाव आहे. उन्हाची जागा, खाणं, सगळ्यावर ती हक्क सांगते आणि देशी कासवांना हुसकावते. बरं, हिच्या जागी गुणी देशी कासव आणावं, तर तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. पिंजऱ्यातला देशी पोपटसुद्धा त्यात बसत नाही, मग चांदणी कासवाची काय कथा!

शेवटी बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकला. "योग्य घरी देणे आहे. मुलगी, वय ७, गव्हाळ-हिरवी, शांत, घरगुती, पालेभाजी आवडीने खाते. टबासह. अपेक्षा काही नाही." पाचच मिनिटांत सी विंगमधून निरोप आला : आमच्या बंटीला थोडी जबाबदारी शिकवायची होतीच, आज बघायला येऊ का?

मंडळी आली. चहा-पोहे झाले. बंटीने बोल्टबरोबर सेल्फी काढला. आजोबांनी चष्मा पुसला आणि एकच चौकशी केली, "घरात आजोबा आहेत?"

"आहेत ना," बंटीचे बाबा म्हणाले, "पण ते गावी असतात."

आजोबांनी बोल्टला उचललं, टबात ठेवलं आणि पोह्यांच्या बशा आवरायला घेतल्या.