गुरुजींची गाडी

महागावात जुनी मोटारसायकल घेणाऱ्याने निश्चिंत असावे. इथे विकायला निघालेली प्रत्येक गाडी गुरुजींची असते. घर ते शाळा, एवढीच फिरलेली. तालुक्यात गुरुजी किती आणि स्प्लेंडर किती, हा हिशेब कोत्या मनाचे लोक करतात.

मी पाहिलेल्या गाडीच्या टाकीवर अजून 'हिरो होंडा' आहे. ती भागीदारी मोडल्याचे 2010च्या डिसेंबरात जाहीर झाले. गाडीला कोणी कळवले नसावे. मीटरवर 18,000 किलोमीटर. मागच्या मालकाकडे म्हणे 42,000 होते. म्हणजे गाडी दर विक्रीला तरुण होते. आणखी एक मालक झाला, की तिला शोरूममध्येच नेऊन उभी करावी लागेल.

फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या तयार. नाव चढवायची घाई कोणालाच नाही, त्यामुळे चालान आजही मूळ गुरुजींच्याच मोबाइलवर जाते. गुरुदक्षिणा, दुसरे काय!

रोज पुसद, अधूनमधून माहूरगड, असा माझा बेत. घाट चढेल ना, विचारले.

"डोळे मिटून न्या ना भाऊ."

"तुम्ही गेलते हिच्यावर?"

"नाही जी. आम्ही एसटीनंच जातो."