डेडस्टॉकमधली बाई

आमच्या गावच्या सरकारी रुग्णालयात नर्सेसना आपत्कालीन सेवेचं प्रशिक्षण झालं. म्हणजे बॅनर लागला, समई पेटली, नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार पडला आणि प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. आल्याआल्या त्यांनी 'गोल्डन अवर'चं महत्त्व पटवून दिलं.

मग बाहुली काढली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते शिकवणारी ही कमरेपर्यंतची बाई. हिची थोरली बहीण १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणीवाल्यानं घडवली, लोकांनी बिनधास्त दाबून शिकावं म्हणून. आमची मात्र आल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात. फाटली तर जबाबदार कोण? तिची नोंद कुठल्या रजिस्टरला, असं मी स्टोअरकीपरना विचारलं. "डेडस्टॉकला," ते म्हणाले. हसले नाहीत.

मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाब, मग २ श्वास. दाब बरोबर गेला की आतून 'टक्' वाजतं. पाहुण्यांनी दोन बोटांनी, तेही पोटावर, फोटोपुरतं दाबलं. मागोमाग सिस्टर रांगेनं आल्या. दर डोई एक फोटो. टक् काही वाजलं नाही, टाळ्या वाजल्या. समोसे मात्र गरम होते, हे मान्य केलं पाहिजे.

प्रशिक्षणाला पाठवल्या होत्या त्या, ज्यांना सोडणं परवडत होतं. चाळीस खाटांमागे एकट्या असलेल्या मेडिसिन वॉर्डच्या सिस्टरना कोण सोडणार? त्यांचं नाव 'पुढील बॅच'मध्ये.

चौथ्या रात्री, पावणेतीनला, त्यांच्या वॉर्डात एका आजोबांची नाडी लागेना. इमर्जन्सी ट्रॉलीला कुलूप, कारण औषधं चोरीला जातात. किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, पर्स त्यांच्या घरी. लॅरिंगोस्कोपचे सेल टॉर्चमध्ये, कारण लाइट जाते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं; आजोबांपाशी तेवढा वेळ नव्हता. सिस्टरनी मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं, पाठीखाली फळी सरकवली आणि स्टुलावर चढून दाबायला घेतलं. वॉर्डबॉय मामांनी सिलिंडरच्या पान्यानं कुलूप फोडलं. अॅड्रिनॅलिन हाती आलं, अंबू बॅग आली, डॉक्टरही धापा टाकत आले. मधेच 'टक्' वाजलं. ती बरगडी होती. सिस्टर थांबल्या नाहीत.

आजोबा वाचले. छाती दुखते म्हणून सध्या येणाऱ्याजाणाऱ्याकडे तक्रार करतात.

सोमवारी सिस्टरना मेमो आला. शासकीय कुलपाचं नुकसान का केलं, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. सोबत आपत्कालीन सेवेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं.