रिव्हरवर बुडालेले भाऊजी

आमचे भाऊजी रोज रात्री साडेदहा ते बारा या वेळात लुटले जायचे. लुटणारे कोण, कुठले, हे त्यांना कधीच कळलं नाही. लुटीचा उच्चांक एकशे ऐंशी रुपये. पण सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ते वर्णन करू लागले, की ऐकणाऱ्याला वाटावं, बेसा रोडचा प्लॉट गेला.

"एक्क्यांची जोड होती बे माझ्याकडे. एक्क्यांची! २२१ डावांत एकदा येते. अन् समोरच्याकडे काय? सत्ती-दुर्री. ती पण वेगवेगळ्या रंगाची. याच्याहून भिकार हात नाही पोकरमध्ये."

"मग?"

"मग काय, फ्लॉपवर सत्ती आली, रिव्हरवर दुर्री. मेलो न मी रिव्हरवर."

"किती गेले?"

"पैशाचं नाही सांगून राहिलो मी. अन्यायाचं सांगून राहिलो."

"पण किती?"

"एकशे अडतीस."

ठेलेवाल्यानं न बोलता त्यांच्या प्लेटीत अजून एक पळी तर्री ओतली.

ताईच्या सासूबाईंनी हे 'रिव्हर' प्रकरण बरेच दिवस मनाला लावून घेतलं होतं. पोरगा रोज रात्री नदीवर मेलो म्हणतो, आणि शहरात नदी म्हणून जी आहे ती नाग नदी. तिथे हा रात्री बाराला जातो कशाला? शेवटी भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून त्यांना खेळ समजावला. आपल्या हातात दोन पत्ते. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन उघडतात तो फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर. सातातले चांगले पाच धरायचे. दर टप्प्याला पैसे लावायचे नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नदीपर्यंत कायले जातं रे? आधीच उठून यावं न घरी." पोकरवरच्या जाडजूड पुस्तकांतला निम्मा उपदेश या एका वाक्यात आला, पण भाऊजींनी तो डायरीत टिपून घेतला नाही.

डायरी होती. भाऊजी सरकारी खात्यात लेखा शाखेत, त्यामुळे डायरीवाचून त्यांचा श्वाससुद्धा जमा होत नाही. फोनमधल्या अ‍ॅपवरचं टेबल एक-दोन रुपयांचं, म्हणजे बसताना दोनशे रुपये घेऊन बसायचं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशावरच २८ टक्के जीएसटी लागू झाला. शंभर रुपये टाकले, की हिशेबानं खेळायला ७८ रुपये १२ पैसे. "पहिला पत्ता वाटायच्या आधीच सरकारनं पॉट उचलला," असं ते म्हणत आणि लाल शाईनं २१.८८ लिहीत. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस वेगळा. त्यात महिन्याला शंभर रुपयांपर्यंत सूट होती. भाऊजींना ती मर्यादा ओलांडायची वेळ कधी आली नाही, हा भाग वेगळा.

अशी माणसं त्या काळात दर कॉलनीत एक तरी होती. मोबाइलवर क्रिकेटच्या टीम लावणारा बढाया मारायचा, रमीवाला बायकोपासून फोन लपवायचा, पण पोकरवाला समजावून सांगायचा, आणि तिघांत तोच जास्त घातक. पहिल्या दोघांपासून माणूस पळू तरी शकतो. हा तुम्हाला लग्नाच्या पंगतीत, जिलेबी आणि मठ्ठ्याच्या मध्ये, नऊ पत्ते उरले असताना फ्लश लागायची शक्यता ३५ टक्के कशी, ते सांगत बसायचा.

'जुगार' हा शब्द भाऊजींसमोर काढायची सोय नव्हती. "जुगार म्हणजे पोळ्याले झाडाखाली सतरंजी टाकून बसतात तो. हे माइंड स्पोर्ट आहे." विदर्भात पोळ्याच्या दिवशी पत्त्यांचे फड बसतात आणि पोलिसांच्या धाडीही पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. भाऊजी त्या फडाकडे उकिरड्याकडे पाहावं तसं पाहत. त्यांच्याकडे कायद्याचा आधार होता: १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो आणि साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. निकाल रमीचा आहे, पोकरचा नाही, असं मी एकदा म्हटलं. "तू वकील आहेस काय बे?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यांचं दैवत एकच, अमेरिकेतला ख्रिस मनीमेकर. आडनाव खरंच तसं आहे. या माणसानं ऐंशी-नव्वद डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून शिरकाव करून घेतला आणि २००३ मध्ये पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. बक्षीस २५ लाख डॉलर. पण भाऊजींना घायाळ केलं ते पुढच्या माहितीनं. मनीमेकर पेशानं अकाउंटंट होता. "अकाउंट्सवाला होता बे तो! आपल्या लाइनीतला!" असं म्हणताना त्यांचा आवाज भरून यायचा.

मनीमेकरनं अंतिम फेरीत एक जबरदस्त ब्लफ मारला होता. हे कळल्यापासून भाऊजींनीही ब्लफ सुरू केले. हातात काहीच नसताना ठामपणे सगळे पैसे पुढे ढकलायचे. समोरचा घाबरून पत्ते टाकतो, असं पुस्तक सांगतं. पण समोरच्यानं ते पुस्तक वाचलेलं नसायचं. दोन रुपयांच्या टेबलावर कोणी घाबरत नाही, कारण घाबरण्याएवढं कोणाचं काही लागलेलंच नसतं. बिहारमधला की बेळगावमधला कोण जाणे, तो पोरगा हातात छक्क्यांची जोड घेऊन "पाहू तर खरं" म्हणत पैसे टाकायचा आणि जिंकायचा. एक्क्यांचं दुखणंही याच कुळीतलं. नऊ जणांच्या टेबलावर सगळेच शेवटपर्यंत चिकटून बसले, तर एक्क्यांची जोड तीनात एकदाच्या आसपास जिंकते. गणित भाऊजींना येत होतं. पण गणित पटलं असतं तर अन्याय कुठे उरला असता? म्हणून त्यांनी निदान केलं: सॉफ्टवेअर आपल्यावर डूख धरून आहे.

ब्लफचा सराव मात्र घराबाहेरही चालू होता. कॉटन मार्केटात त्यांनी सांभाराच्या जुडीवर ब्लफ मारला. दहाची जुडी सहाला मागितली आणि पाठ फिरवून चालू लागले. मागून हाक येईल म्हणून चाल हळू ठेवली. हाक आली नाही. चहाच्या टपरीपर्यंत गेले, परत आले, तोवर जुडी बाराची झाली होती. ताईसमोर तर ब्लफ पहिल्या घासालाच पकडला जाई. जिंकले की जेवताना लोणचं मागायचे, हरले की वरणाला मीठ कमी आहे म्हणायचे. ताईला पत्त्यातला प सुद्धा येत नाही.

पण भाऊजींचा खरा पराभव दिवाळीतला, काटोलच्या आत्याबाईंनी केलेला. घरात तीन पत्ती बसली. भाऊजी आधी तयार नव्हते, कारण त्याच रमीवाल्या निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलेलं आहे आणि हे वाक्य त्यांना तोंडपाठ. तरी मग बसले, गंमत म्हणून. दर डावाला पत्ते उचलायचे, शक्यता मोजायची, पॅक करायचं. आत्याबाई पंचाहत्तरीच्या. पत्त्यांना हात न लावता, मण्यांच्या पिशवीतून नाणं काढून "ब्लाइंड" म्हणत टाकायच्या. पाहून खेळणाऱ्याला चाल दुप्पट. म्हणजे भाऊजी विचार करायला दुप्पट पैसे मोजत होते आणि आत्याबाई विचार न करायला निम्मे. रात्री एकला त्यांच्या पिशवीत ६४० रुपये जास्त होते. "पत्ते पाहून त कोनीबी खेयते रे बापू," असं म्हणून त्या झोपायला गेल्या. त्या डावांची नोंद डायरीत नाही.

या सगळ्याला आम्ही हसायचो, कारण ते दोनशे रुपयांत भागत होतं. याच फोनवर, अशाच अ‍ॅपवर लोकांचे पगार आणि दागिने गेले, घरं उठली. त्यात हसण्यासारखं काहीही नाही. माझं स्पष्ट मत आहे की भाऊजी वाचले ते कौशल्यानं नव्हे, स्वभावातल्या चिंगूसपणानं.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा भाऊजींचा लाडका वाद कायद्यानं एका ओळीत निकालात काढला: दोन्ही बंद. २२ ऑगस्टला पोळा होता. त्या रात्री साडेदहाला भाऊजींनी सवयीनं अ‍ॅप उघडलं, तर टेबलं उठलेली. "अबे, मला विचारलंही नाही," एवढं म्हणाले. झाडाखालचे फड तेवढे कुठे कुठे चालूच असणार, हे त्यांना जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. महालाकडे काळी आणि पिवळी मारबत निघाल्या होत्या. भाऊजी पहिल्यांदाच कुठे न जाता घरी बसून राहिले. दुपारी फोन वाजला. अ‍ॅपमधली शिल्लक बँकेत जमा झाली होती: २१४ रुपये ६० पैसे. ताईनं मेसेज वाचला आणि त्यांना एटीएमकडे पिटाळलं. संध्याकाळी गल्लीतली दहा पोरं लाकडी बैल सजवून दारात आली. दर पोराच्या हातावर बोजारा म्हणून वीस-वीस रुपये ठेवले.

चौदा रुपये साठ पैसे अजून खात्यात आहेत.