पीपी

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर आहे. गाव त्यांना पीपी म्हणतं. पीपी म्हणजे पास्ट प्रेसिडेंट. रोटरी क्लबाचं अध्यक्षपद 1 जुलैला मिळतं आणि पुढच्या 30 जूनला जातं. माजी अध्यक्षपद मात्र तहहयात असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, पाणबुडी मोटर, पीव्हीसी पाइप किंवा सिमेंट यांपैकी काहीतरी विकणारा एक पीपी तुम्हाला भेटेलच. आमचे पाइप विकतात.

क्लबाची सभा बुधवारी संध्याकाळी साडेसातला, मंगल कार्यालयाच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये. पीपी सातलाच हजर. हातात खाकी पिशवी, पिशवीत पितळी घंटा, लाकडी हातोडी, अध्यक्षाच्या गळ्यात घालायची कॉलर, दुसऱ्या क्लबांनी दिलेले झालरीचे छोटे बॅनर आणि हजेरीचं रजिस्टर. कॉलर निळ्या मखमली डब्यात असते. ती नव्या अध्यक्षाच्या, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरच्या, गळ्यात घालताना पीपी मागच्या वर्षांच्या पट्ट्यांमधली आपल्या नावाची पट्टी अंगठ्याने हळूच पुसून घेतात.

डॉक्टर तरुण आहे, बोलायला गोड आहे, पण प्रोटोकॉलमध्ये कच्चा. घंटा वाजवून त्याने ‘नमस्कार मित्रांनो’ म्हटलं की पहिल्या रांगेतून खोकला येतो. मित्रांनो नंतर. आधी मंचावरचे मान्यवर, मग असिस्टंट गव्हर्नर असतील तर ते, मग माजी अध्यक्ष ज्येष्ठतेनुसार, मग रोटेरियन, मग अ‍ॅन्स म्हणजे सभासदांच्या बायका, मग अ‍ॅनेट्स म्हणजे त्यांची मुलं. ही नामावळी होईपर्यंत अ‍ॅनेट्स खुर्च्यांखालून पकडापकडी खेळायला लागलेले असतात. नंतर पाहुण्यांची ओळख. शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक मातीवर बोलायला आले होते. त्यांच्या पदव्या, पुरस्कार आणि परदेश दौरे वाचून होईपर्यंत त्यांच्या वाट्याला जेमतेम माती उरली. आभार मानायला उठलेल्या पीपींनी मग मातीवरचं उरलेलं भाषण स्वतःच पूर्ण केलं.

त्यानंतर सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स डबा फिरवतो. पिन लावली नाही, दंड. मोबाइल वाजला, दंड. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला, तर आनंदाचा दंड वेगळा. पीपींना पिनचा दंड कुणी करू शकलेलं नाही. त्यांची पिन सफारीवर असते, सदऱ्यावर असते, जाकिटावर असते. मुलीच्या साखरपुड्यात एकदा ती राहिली, तर पुढच्या बुधवारी आपण होऊन उठले आणि शंभराची नोट डब्यात टाकून आले.

राष्ट्रगीत झालं की फेलोशिप. क्लबाच्या भाषेत फेलोशिप म्हणजे जेवण. सभेला पंधरा आणि पावभाजीला पस्तीस, हे गणित पीपींना सलतं. पूर्वी असं नव्हतं म्हणतात. पूर्वी लागोपाठ चार सभा चुकवल्या की सभासदत्व जायचं. गावाला गेलात तर तिथल्या क्लबाच्या सभेला बसून हजेरी भरून काढायची, तिला मेकअप म्हणतात. 2016 साली वरूनच नियम सैल झाले आणि ठरवायचं क्लबांवर सोडलं. पीपींनी ही बातमी घरात काही अघटित घडावं तशी ऐकली. स्वतः ते अजून जुन्या नियमाने चालतात. सपत्नीक तिरुपतीला गेले तेव्हा दर्शनाच्या रांगेत त्यांचं लक्ष घड्याळाकडे. काकू शेवटी म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही देवाला आलायत की मिटिंगला?’’ पीपी मेकअपची चिठ्ठी आणि तिथल्या क्लबाचा बॅनर घेऊन परतले. लाडू काकूंनी आणले.

निधी जमवणं हा त्यांचा खरा प्रांत. जुलैत पदग्रहण समारंभाला स्मरणिका निघते. तिच्यात मजकूर नावाला आणि जाहिराती गावभरच्या. पूर्ण पान, अर्धं पान, आणि ज्याला पैसे द्यायचेत पण नाव द्यायचं नाही तो ‘एक हितचिंतक’. आमच्याकडे रस्त्यापलीकडे लायन्स क्लबही आहे. तिथल्या ‘ला.’ मंडळींच्या स्मरणिकेत पीपींच्या पाइपची जाहिरात असते आणि आमच्या स्मरणिकेत त्यांच्या टाइल्सची. माझ्या हिशेबाने तेच पाच हजार रुपये दरवर्षी रस्ता ओलांडतात आणि परत येतात. छापखानेवाला मात्र दोन्हीकडे जेवतो.

दिवाळीनंतर चॅरिटी शो. नाटक मुंबईचं, तिकिटं पीपींच्या खिशात. पाइपला सॉकेट मागायला आलेला शेतकरीदेखील दोन तिकिटं घेऊन बाहेर पडतो. कुणी कुरकुरलं तर ते इतिहास काढतात. ‘‘रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फने मांडली 1917 ला. पहिली देणगी किती आली? साडेसव्वीस डॉलर! कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून. आणि तुम्ही पाचशेच्या तिकिटाला रडताय?’’ एखादा वकील उलटून विचारतो, की पीपी, नाटक बरं आहे का तरी? रोटरीची ती चार प्रश्नांची कसोटी हॉलच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने 1932 साली भांड्यांची बुडती कंपनी सावरायला ती लिहिली, हे पीपीच आम्हाला सांगतात. तिचा पहिला प्रश्न सत्याबद्दल आहे. पीपी फ्रेमकडे पाठ करून म्हणतात, ‘‘नाटक फार चांगलं आहे.’’

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला आवडते. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत रोटरीचे जे चौघे पहिल्यांदा बसले, त्यात पॉल हॅरिस वकील, एक खाणीतला इंजिनियर, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. ‘‘कोळसेवाला आणि शिंपी,’’ पीपी बोटांवर मोजून सांगतात. पाइपवाल्याची जागा त्या वेळी थोडक्यात हुकली असावी.

सेवाकार्याबद्दल बोलायचं तर फोटोबद्दल बोलावं लागेल. एका व्हीलचेअरला चौदा हात लागलेले मी पाहिले आहेत. ज्या आजींना ती द्यायची त्या चौदा जणांच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना उभं राहवत नाही म्हणून तर खुर्ची! यावर हसणं सोपं आहे, आणि आम्ही मागच्या रांगेतले ते मनसोक्त करतो. मागच्या रांगेतल्या कुणी आजवर व्हीलचेअर मिळवलेली नाही, हेही खरं.

कारण पल्स पोलिओचा रविवार उजाडला की मागची रांग झोपलेली असते आणि पीपी सकाळी सातला एसटी स्टँडच्या बूथवर, पिवळी टोपी घालून. रोटरीने पोलिओचं काम 1985 साली अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्यातली छोटी मुलगी. 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आता पोलिओ गेला, असं कुणी म्हटलं की पीपी भडकतात. ‘‘सभासद एकदा हजर राहिला म्हणून वर्षभराची हजेरी लागते का?’’

डोस आशाताई पाजतात. पीपींचं काम बोटाचं. डाव्या हाताच्या करंगळीला मार्करची खूण झाली नसेल, तर निघालेली एसटी हात दाखवून थांबवायला ते कमी करत नाहीत. रविवारी बूथवर न आलेल्यांसाठी पुढचे दिवस पथकं घरोघर जातात. सगळी मुलं झाली की दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं की ‘एक्स’. ‘एक्स’ दिसला की पीपींना तो क्लबाच्या रजिस्टरातल्या गैरहजेरीसारखा दिसतो. आशाताईंच्या मागे स्कूटर लावून ते त्या दारावर जातात. पुन्हा जातात.

गेल्या खेपेला वडारवाडीत असाच एक ‘एक्स’ पुसला जाईना. पोरगं आईबरोबर मामाच्या गावाला गेलेलं. आशाताई म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या दादा, तिथं घेतलं असंल.’’ असंल हा शब्द पीपींच्या रजिस्टरात नाही. दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी डिस्ट्रिक्ट डिरेक्टरी उघडली, मामाच्या तालुक्यातला क्लब शोधला आणि तिथल्या पीपींना फोन लावला. तिथेही एक आहेतच. तिकडचे सिमेंट विकतात. दोघांनी आधी एकमेकांना ‘रोटेरियन’ लावून प्रोटोकॉलप्रमाणे नमस्कार केले, मग मुलाचं नाव, मामाचं आडनाव, घराची खूण.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मामाचं अंगण, भेदरलेलं पोरगं, वर धरलेली करंगळी, तिच्यावर काळी खूण. पीपींनी तो मोठा करून दोनदा पाहिला, वहीत ‘मेकअप झाला’ असं लिहिलं आणि लगेच परत फोन लावला. फोटोत मागे क्लबाचा बॅनर नव्हता.